प्रौढांसाठी कॉमिकवाचन : पेडगाव पद्धत

वेड पांघरून जायचं पेडगाव श्रीगोंदा तालुक्यातलं, असं जाणकार सांगतात. परभणीहून मनमाडकडे निघालं की लागणारं पेडगावही त्यावर हक्क सांगू शकतं. पन्नाशीतल्या गृहस्थाला कॉमिक वाचायचं तर हीच विद्या लागते.

नियम पहिला : "नातवासाठी हवंय" असं कुणी न विचारताच सांगून टाकावं. नातू नसला तरी चालतो, रद्दीवाला जन्मदाखला मागत नाही. मात्र लगेच "आबिद सुरतींचा बहादूर आहे का, गोविंद ब्राह्मणियांच्या चित्रांचा?" असं विचारू नये. नातू इतके चोखंदळ नसतात.

नियम दुसरा : घरात वर 'अमर चित्र कथा' ठेवावी, खाली 'इंद्रजाल'. अनंत पैंनी १९६७ साली सुरू केलेल्या मालिकेत देवादिक आहेत, त्यामुळे कुणी नाक मुरडत नाही. देवादिक आणि राजेरजवाडे काढणाऱ्या प्रताप मुळीकांनीच पुढे नागराज काढला, हे घरी सांगू नये. 'चिंटू'ला तर आडपडदाही नको. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांनी तो १९९१ साली थेट वर्तमानपत्रातच आणून ठेवला. बाजारभाव बघतोय म्हणायचं, झालं.

नियम तिसरा, वाचनाचा. आधी अख्खं पान बघावं, मग चौकटी, मग फुगे. काही जण नुसते फुगे गिळत पानं उलटतात. त्यांना अग्रलेख द्यावा. 'इंद्रजाल'मधल्या वेताळाच्या मुखवट्यात बुबुळंच नाहीत. राग, माया, थकवा, सगळं चित्रकाराला जबड्यात आणि खांद्यांत आणावं लागतं. एवढं दिसायला लागलं की एका पानावर स्टेशन निघून जातं, आणि जावंच. स्टेशनचं काय, वेताळाच्या कर्त्या ली फॉकच्या अख्ख्या बंगाल्ला देशाचं 'इंद्रजाल'नं डेंकाली केलं. भूगोलाच्या मास्तरांनी तेही मनाला लावून घेऊ नये.

नियम चौथा : पिना गंजून कागद खातात. त्या काढून सुती दोऱ्यानं शिवावं. चिकटपट्टी लावू नये, ती पिवळी पडते आणि चित्र घेऊनच निघते.

नियम पाचवा : अंक उसना देऊ नये. 'इंद्रजाल' १९९० साली बंद पडलं. आता नवा कुठून आणणार? पण नेणाऱ्याला "वाचून लगेच देतो" म्हणायला काय जातं! परत येतो तो शेवटचं पान गमावून, वर "मुलांनी फाडलं हो." मुलांनी! अशा माणसाच्या जबड्यावर वेताळाच्या अंगठीची कवटी उमटवावी. ती म्हणे जन्मभर जात नाही.