छापून येण्याआधी आणि नंतर

कादंबरी छापून येईपर्यंत माणूस नुसताच ‘काहीतरी लिहीत असतो’. घरचे विचारतात, ‘नोकरीचं काय?’ प्रकाशक काहीच विचारत नाही. हस्तलिखित त्याच्या कपाटात दोन पावसाळे काढतं, मग निरोप येतो, ‘हल्ली कादंबरी चालत नाही.’ स्पर्धा परीक्षांची गाइडं मात्र चालतात, हे अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारली की पटतं. तरी होतकरू लेखक खचत नाही. ‘कोसला’ १९६३ साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, हा दाखला तो स्वतःच्या पंचेचाळिशीपर्यंत देत राहतो.

आणि एकदाचं पुस्तक येतं. पूर्वी आवृत्ती हजाराची असे, आता पाचशेची, कधी तीनशेचीही. अकरा कोटींहून मोठ्या महाराष्ट्राला तेवढ्या पुरतात, नव्हे, उरतात. प्रकाशन समारंभात अध्यक्ष मलपृष्ठावरचा मजकूर वाचून अर्धा तास बोलतात. शाल आणि श्रीफळ मिळतं. मानधनाचा विषय निघाला की ‘तुम्ही तर घरचेच!’ मामी फोन करते, ‘त्यातली खाष्ट बाई मीच ना रे?’ तिने पुस्तक वाचलेलं नसतं. सगळे ‘सर’ म्हणू लागतात आणि सही केलेली प्रत मागतात, अर्थात भेट म्हणून. सुदैवाने रॉयल्टी मिळते. तेवढ्या पैशांत स्वतःच्याच कादंबरीच्या प्रती लेखकाच्या सवलतीत विकत घेऊन ही मागणी भागवता येते.