प्रिय साक्रीकांदा

मागच्या सप्टेंबरात घरचं उन्हाळी कांद्याचं उळं, म्हणजे बी, विकायला काढलं. काळंभोर, हातात धरलं तर बोटांतून मोहरीसारखं निसटणारं. भाचा म्हणाला, “मामा, जाहिरात ऑनलाइन टाकू. पण मोबाइल नंबर नका देऊ, कोणीही येता-जाता फोन करेल. ईमेल द्या.” पत्ताही त्यानेच काढून दिला. नाव ठेवलं साक्रीकांदा. बारशाच्या घुगऱ्या तेवढ्या वाटायच्या राहिल्या.

दुसऱ्याच दिवशी पत्र आलं. “प्रिय साक्रीकांदा, आपण आमच्या मोजक्या निवडक ग्राहकांपैकी आहात.” चीनमधले बॉल बेअरिंगवाले होते. मग केस उगवून देणारे आले, कॅनडाला नेणारे आले, माझी वेबसाइट पहिल्या पानावर आणून देणारे आले. वेबसाइट माझ्याकडे नाही, हे त्यांच्या आड येत नव्हतं. एका बॅरिस्टरने तर कळवलं, की आपले दूरचे नातलग मिस्टर कांदा विमान अपघातात वारले असून मागे 85 लाख डॉलर आहेत, वारस आपणच. इकडे दोन हात बांधासाठी आमच्या भाऊबंदकीत पंधरा वर्षं तारखा चालल्यात, आणि तिकडे डॉलरला कोणी हरकत घेणारा नाही! कांदा कुळात एवढा पैसा असेल, असं बाजारभावावरून कधी वाटलं नव्हतं.

पत्रं नकोत म्हणून खालच्या ‘सदस्यत्व रद्द करा’वर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुप्पट आली. भाचा म्हणे, “मामा, पत्ता जिवंत आहे हे तुम्हीच कळवलंत त्यांना.” मेल्याचं सोंग घ्यायचं असतं, हे आधी सांगायचं ना लेका. मग त्याने जाहिरातीतलं ते वेटोळ्याचं चिन्ह काढून तिथे अक्षरात ‘ॲट’ लिहिलं. म्हणजे पत्ते वेचत फिरणारी यंत्रं फसतात म्हणे. ती काही फसली नाहीत. चिमण्या जुन्या बुजगावण्याच्या डोक्यावर बसतात, तशातली गत.

वकिलाकडे गेलो. त्याने चष्मा पुसत पहिला प्रश्न केला, “पत्ता तुम्हीच दिला ना?” 2023चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे, पण जी माहिती तुम्ही स्वतःच जाहीर केली तिला तो लागू नाही. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66अ मध्ये त्रासदायक, फसव्या ईमेलचं एक पोटकलम होतं. ते अख्खं कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं. अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी केलं, चांगलंच केलं. त्या गव्हासोबत आमचा किडाही सुटला.

पण पत्ता देणं हा गुन्हा कधीपासून झाला? मु. पो. अमुक, ता. साक्री, जि. धुळे हा माझा पत्ता लग्नपत्रिकांवर छापून गावोगाव गेलाय. साक्रीच्या बसस्टँडवर नाव विचारा, रसवंतीवाला दारापर्यंत आणून सोडेल. तरी बॅरिस्टर कधी आला नाही. यायचं तर एसटीचं तिकीट पडतं, उन्हात चालावं लागतं, आणि आमचं कुत्रं आहे. ईमेलला यातलं काहीच नाही, हे फार आधीच कोणी ओळखलं होतं. 3 मे 1978 रोजी अमेरिकेत गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने आर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावर जवळजवळ चारशे जणांना संगणकाची जाहिरात एका फटक्यात धाडली. लोक खवळले, त्याला तंबी मिळाली. तरी त्यातून लाखो डॉलरचा माल खपला, असं तो पुढे सांगायचा. खपला म्हटल्यावर कोण थांबतंय!

शेवटी भाच्याने चाळणी कडक केली. पेटी स्वच्छ. दिवाळी गेली, रोपं टाकून झाली, लागवड उरकली. उळ्याचा डबा फळीवर तसाच.

मार्चमध्ये पिंपळनेरच्या बाजारात एक ओळखीचा शेतकरी भेटला. रुसलेला होता.

“आप्पा, मी मेल धाडा व्हता. तुमना जवाबच उना नही.”

घरी येऊन स्पॅमचा कप्पा उघडला. बॅरिस्टर आणि केसवाल्याच्या मधोमध, 12 ऑक्टोबरचं: “उळे पाच किलो पाहिजे. भाव कळवा. रोख देतो.”