बाप्पा आणि बेल्ट

टायमिंग बेल्ट बदलायचा मुहूर्त महाड-पोलादपुरात ठरलेला: ‘गणपती होऊ दे.’ मग दिवाळी, मग शिमगा. 2011पासून रुंदीकरण चाललेल्या मुंबई-गोवा महामार्गाकाठच्या माणसाला घाई कोण शिकवणार? मेकॅनिक सांगतो, गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतं. मालक विचारतो, ‘पण आवाज कुठे येतोय?’ हा बेल्ट सहसा कुरकुर न करता तुटतो, हाच त्याचा सभ्यपणा. तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात आणि थेट हेड उतरवावं लागतं. मग काम मुंबईत करायचं की महाडात, हा घरातला वादही मिटतो: कशेडी घाटात गाडी बंद पडेल, तिथून टोचन नेईल तिथे. बेल्ट बदललाच, तरी पैसे वाचवायला तो ताणून धरणारा टेन्शनर जुनाच. बंपरखालची लिंबू-मिरची मात्र दर शनिवारी नवी!