भेगपंडित

भीमेच्या अलीकडे शिरूर तालुका आणि पलीकडे दौंड, अशा काठावरच्या वडगाव रासाईसारख्या गावांतून जो एक जाणकार गृहस्थ हमखास आढळतो, त्याला भेगपंडित म्हणणे सोयीचे ठरते, कारण वस्तू घडवणे हा त्याचा विषय नसून ती का तडकली हे सांगणे हा आहे. कोणी हौसेने फोटोसाठी मातीची चौकट थापायला घेतली, की हातात पेपर घेऊन तो हजर होतो आणि "ही तडकणार" असे भाकीत करून बसायला खुर्ची मागतो.

भाकीत बहुधा खरे ठरते, पण त्याचे श्रेय मातीला द्यावे लागते. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे पाणी पिऊन फुगणारे आणि वाळताना तितकेच आकसणारे खनिज असते, म्हणूनच वैशाखात उघड्या रानाला भेगा पडतात. चौकटीसाठी आधी माती निवडावी लागते आणि तिच्यात ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या खापरांची भरड भुकटी, मिसळावी लागते. ती एकदा भाजून निघालेली असल्याने वाळताना आकसत नाही. कुंभार याच कामी राख आणि घोड्याची लीद वापरत आले आहेत. पंडिताला हे सारे ठाऊक असते, फक्त ते त्याला चौकट तडकल्यावर आठवते.

मडक्यापेक्षा चौकट अधिक नाजूक, कारण तिच्या बाहेरच्या कडा आधी वाळतात आणि सगळा ताण आतल्या चार कोपऱ्यांवर येतो. यास्तव ते कोपरे गोलसर ठेवून दाबून घट्ट करतात, पट्ट्या जोडायच्या असल्यास दोन्ही सारख्याच ओल्या असताना चरे पाडून स्लिपने, म्हणजे त्याच मातीच्या दाट रबडीने, सांधतात आणि चौकट प्लास्टिकखाली सावलीत सावकाश वाळवतात. पंडित मात्र "वाळली का?" म्हणून तासातासाला प्लास्टिकचा एकच कोपरा उचलतो, त्यामुळे तोच कोपरा आधी वाळून फाटतो, आणि "पाणी जास्त झालं" हा निकाल लागतो. बाजारात माठ वाजवून घेण्याची सवय असल्याने तो कच्ची चौकटही वाजवून पाहतो. हा प्रयोग एका चौकटीवर एकदाच करता येतो.

भाजणीतही त्याचा जीव अधीर असतो. ओल राहिलेली चौकट घाईने तापवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटते, शिवाय ५७३ अंश सेल्सिअसला क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे, कण एकाएकी फुगतात आणि निवताना त्याच अंशावर पुन्हा आकसतात, म्हणून तापवणे आणि निववणे दोन्ही संथ हवे. भट्टी गरम असतानाच दार किलकिले करून डोकावणारा इसम कोण, हे सांगायला नको.

ज्यांच्याकडे असा गृहस्थ येतो, त्यांनी त्याच्या हातचा पेपर तेवढा मागून घ्यावा आणि ओल्या चौकटीखाली पसरावा. आकसताना ती कागदावर सहज सरकते, पाटाला चिकटून फाटत नाही.