अनुरूप उमेदवार पाहिजे

आमच्या पतसंस्थेला एक क्लार्क हवा होता. आधीचा पोरगा हुशार निघाला, म्हणजे त्याला सरकारी नोकरी लागली. भालकीसारख्या गावात क्लार्क मिळणं अवघड नाही. अवघड आहे ते चार तोंडांचा क्लार्क मिळणं. आमच्याकडं मराठी पाहिजे, कारण बचत गटाच्या बायका भांडतात मराठीत. कन्नड लिहिता आलं पाहिजे, कारण बिदरच्या सहकार खात्याला कागद कन्नडमध्येच लागतात. इंग्रजी पाहिजे, कारण हिशोबाचं सॉफ्टवेअर पुण्याहून आणलंय. आणि वसुलीला जायचं तर दखनी यायलाच हवी. थकबाकीदार कुठल्याही भाषेचा असो, त्याला सबबी दखनीतच चांगल्या सुचतात.

आजवर आमची भरती साधी असायची. नोटीस बोर्डावर कागद डकवायचा आणि चेअरमन अप्पांच्या कानावर घालायचं. बोर्ड कोणी वाचत नसे. अप्पांचं मात्र अख्खा तालुका ऐके. या खेपेला नव्या, तरुण संचालकांनी टूम काढली, ‘सेक्रेटरी, जमाना बदललाय. ऑनलाइन टाका.’ सेक्रेटरी म्हणजे मी. मी जाहिरात लिहिली, इंग्रजीत लिहिली, आणि शेवटच्या ओळीत ठळक केलं: नुडी टायपिंग कम्पल्सरी.

सीमेपलीकडच्या वाचकांसाठी सांगतो. नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर. कर्नाटकातल्या कचेऱ्या त्याच्यावर चालतात. कन्नडमध्ये नुडी म्हणजे बोल, वाणी. इतका सोज्वळ शब्द. पण तो रोमन लिपीत लिहिला की त्याचं इंग्रजीतल्या एका उघड्या शब्दाशी अगदी जवळचं नातं दिसतं. त्या साइटच्या यंत्रानं तेवढंच पाहिलं आणि पाच मिनिटांत उत्तर धाडलं: तुमच्या जाहिरातीत नग्नतेचा उल्लेख असल्यानं ती काढण्यात आली आहे, पुन्हा असं केल्यास खातं बंद होईल. माझं वय अठ्ठावन्न. गळ्यात तुळशीची माळ. आयुष्यात एकदाही कुणी ‘असलं काही’ म्हणून माझ्याकडं बोट दाखवलेलं नाही. अप्पांनी विचारलं, ‘काय झालं हो जाहिरातीचं?’ मी म्हटलं, ‘तांत्रिक अडचण.’

नुडी काढून ‘कन्नड टायपिंग’ लिहिल्यावर यंत्राचं समाधान झालं. मग मात्र पाट फुटला. दोन दिवसांत दोनशेच्या वर उत्तरं. निम्म्यांनी एकच शब्द लिहिला होता: इंटरेस्टेड. कशात, ते नाही. काहींनी ‘लोकेशन?’ विचारलं, जे पहिल्याच ओळीत होतं. एकानं रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि सुविचार पाठवायला सुरुवात केली; नोकरी मागितलीच नाही, पण खंडही पडू दिला नाही. आणि ज्यांनी रीतसर पत्रं लिहिली, त्या सगळ्यांची पत्रं एकाच हातची वाटत होती. ती एकाच हातची होतीच. हल्ली पत्रंही यंत्रच लिहून देतं. ‘आपल्या संस्थेच्या व्यापक दृष्टिकोनाने मी भारावून गेलो आहे,’ असं नऊ जणांनी लिहिलं होतं. आमच्या संस्थेचा दृष्टिकोन म्हणजे एक खिडकी, आणि ती बसस्टँडच्या मागच्या बाजूला उघडते. तिथून दिसणाऱ्या दृश्यानं आजवर कुणी भारावलेलं नाही.

एका यंत्रानं जाहिरात तपासायची, दुसऱ्यानं अर्ज लिहायचा, तिसऱ्यानं ते चाळायचे. मधे माणूस लागतो तो फक्त पगार द्यायला आणि घ्यायला.

माझी स्वतःची नोकरी आंबिलीच्या गाडग्यापाशी लागली होती. येळवशीचा दिवस. वेळ अमावास्येला आमच्या बिदर-कलबुर्गीकडं आणि तिकडं लातूर-धाराशिवला गावंच्या गावं रिकामी होतात, सगळी शेतात. कडब्याची कोपी, तिच्यात चुना लावलेले पाच पांडवांचे दगड, पुढं भज्जी, उंडे आणि गार आंबील. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवू घालायचं, ओळखीचा असो वा नसो. आमच्या बांधावरून एक गृहस्थ सायकल हातात धरून चालले होते; चेन तुटली होती. वडिलांनी हाक मारली. ते निघाले आमच्या निलंग्याच्या चुलत आत्याच्या दिरांचे साडू. आंबिलीचा दुसरा तांब्या घेताना त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, ‘पोरगं काय करतंय?’ वडील म्हणाले, ‘बी.कॉम. झालंय. बसलंय.’ ‘बसायचंच असलं तर आमच्या पतसंस्थेत येऊन बसंना का!’ झाली मुलाखत. बायोडेटा नाही, फोटो नाही. माझ्या मिशीला भज्जी लागली होती, तरी नोकरी लागली.

हा वशिला होता का? होताही आणि नव्हताही. सख्ख्या मामानं मला कुठंच चिकटवलं नाही. मामाच्या ओळखी आमच्याच ओळखी होत्या, त्यात नवं काय निघणार? काम झालं ते चेन तुटलेल्या साडूकडून. मला हा अपघातच वाटत होता. पुढं कळलं की यावर शास्त्र आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ सालीच मांडलं होतं की नोकरी लावण्यात जिवलगांपेक्षा तोंडओळखीची माणसं जास्त उपयोगी पडतात, कारण त्यांना आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टी ठाऊक असतात. लिंक्डइन ही नोकरीधंद्याच्या ओळखींची साइट २००३ साली सुरू झाली, तीही याच भांडवलावर. नंतर तिथल्या दोन कोटींवर लोकांची पाच वर्षं तपासणी झाली आणि २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आला: अगदी जवळचा नको, अगदी लांबचाही नको, मधलाच बरा. म्हणजे चुलत आत्याच्या दिराचा साडू. एवढं सांगायला दोन कोटी माणसं कशाला? आमच्या बांधावर एक येळवस काढली असती तरी भागलं असतं.

आमच्याकडं हे मधले पाहुणे मुबलक, त्याचं श्रेय सरकारला. निजामाच्या राज्यात बिदर हा एकच ऐसपैस जिल्हा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला त्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर महाराष्ट्राच्या बाजूला गेले. नारायणखेड, जहिराबाद आंध्राकडं. भालकी, औराद, हुमनाबाद इकडं राहिले. जमीन वाटली, सोयरिकी कोण वाटणार? त्यामुळं आमच्या प्रत्येक घराचं नेटवर्क तीन राज्यांत पसरलेलं, आणि तेही मोबाइलचा टॉवर दिसायच्या कितीतरी आधी.

अर्ज चाळता चाळता मला राहून राहून बिल्हण आठवे. आमच्यापासून तासाभराच्या वाटेवरचं बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तिथं अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात काश्मीरचा हा पंडित नोकरी शोधत आला. मथुरा, कनौज, प्रयाग, काशी, सोमनाथ, रामेश्वर असं दार दार हिंडत. काश्मीर ते कल्याण! आमच्या जाहिरातीला पाटण्याहून अर्ज आला तर संचालक मंडळ हसलं होतं. सहाव्या विक्रमादित्यानं बिल्हणाला ठेवून घेतलं, ‘विद्यापती’ केलं. बिल्हणानं ‘विक्रमांकदेवचरित’ लिहिलं, अठरा सर्गांचं. त्यात मालकानं थोरल्या भावाचं राज्य घेतलं तो प्रसंगही असा बेतून सांगितला की शंकराचीच तशी आज्ञा होती. मालकाचं कौतुक कसं करावं हे आजच्या लिंक्डइनवाल्यांनी त्याच्याकडून शिकावं. आणि अठरावा सर्ग? तो चक्क त्याचा बायोडेटा. खोनमुख हे गाव, तिथलं केशर आणि द्राक्षं, पणजोबा मुक्तिकलश, आजोबा राजकलश, वडील ज्येष्ठकलश, आई नागादेवी, भाऊ किती, कुठं कुठं हिंडलो, कुणाकुणाला वादात हरवलं. हत्ती-छत्रीचा मान मिळूनही काश्मीरमध्ये हर्ष राजा कवींवर उदार झालाय असं कानावर आल्यावर बिल्हणाला इथलं सगळं वैभव फोल वाटलं, असं कल्हण ‘राजतरंगिणी’त नोंदवून ठेवतो. चांगली नोकरी लागल्यावरही दुसऱ्याच्या पगाराचा आकडा ऐकून झोप उडते, हे दुखणं नऊशे वर्षं आमच्याच तालुक्यांत मुरलेलं आहे.

उलट बाजूची, म्हणजे माणसं शोधणाऱ्याची कथा बिदरला. महमूद गवान हा गिलानचा इराणी. १४५३ च्या सुमारास व्यापारासाठी आला आणि चढत चढत बहमनींचा वजीर झाला. १४७२ साली त्यानं बिदरला मदरसा बांधला आणि देशोदेशींच्या विद्वानांना पत्रं धाडली. ती पत्रं ‘रियाज-उल-इन्शा’त जमा आहेत. हेरातच्या जामी या थोर कवीलाही त्यानं कितीदा आमंत्रण दिलं. जामी आला नाही. तेव्हाही बड्या उमेदवारांचा असाच अनुभव: उत्तरं गोड, हजेरी शून्य. आणि हाच पत्रांचा राजा गेला एका पत्रापायी. विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून त्यावर ओरिसाच्या राजाला फितुरीचं पत्र लिहिलं. सुलतानानं शिक्का पाहिला, चौकशी केली नाही, आणि १४८१ मध्ये गवानाचं डोकं उडवलं.

हे आठवायचं कारण आमच्या गल्लीतला एक पोरगा. त्याच्या मोबाइलवर एका बड्या कंपनीचं नेमणूकपत्र आलं. पगार पस्तीस हजार, घरबसल्या काम, फक्त लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून अडीच हजार आधी भरायचे. आई पेढे आणायला निघालेली. पोरानं मला पत्र दाखवलं. मी तीस-पस्तीस वर्षं शिक्के मारतोय. खऱ्या शिक्क्याची एक कड नेहमी फिकट उठते, कारण शिपाई पॅडवर एका बाजूनं दाबतो. मधली शाई पसरते आणि तारखेतला एखादा आकडा गडप होतो. पत्रावरचा शिक्का चहूबाजूंनी सारखा, जांभळा आणि गोंडस होता. ‘बाळा,’ म्हटलं, ‘इतका सुंदर शिक्का कुठल्याच ऑफिसात नसतो.’ अडीच हजार वाचले. पेढे मात्र आलेच. आईनं परत दिले नाहीत.

तर आमचा क्लार्क. दोनशेतून बारा निवडले, बाराची प्रिंट काढली आणि बैठकीत ठेवली. अप्पांचं वय एक्क्याऐंशी. ते कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचतात. ‘टीम प्लेयर’ वाचून म्हणाले, ‘कबड्डी खेळतंय का?’ ‘प्रोॲक्टिव्ह’पाशी थांबून त्यांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं. अकरा कागद बाजूला पडले. बारावा मात्र ते वाचतच राहिले. चष्मा पुसून परत वाचला.

‘सेक्रेटरी, याला म्हणतात अर्ज.’

मी कागद घेतला. वर गणपती. नाव, जन्मवेळ पहाटे चार वाजून दहा मिनिटं, रास वृषभ, उंची पाच फूट सात इंच, वर्ण गव्हाळ. शिक्षण बी.कॉम., कन्नड टायपिंग सीनियर. गाव कमलनगरजवळ, शेती चार एकर, विहीर. मामा उदगीरचे, आत्या नारायणखेडला दिलेली, एक काका चाकणला कंपनीत. घरात मराठी, शाळा कन्नड, आत्याकडं तेलुगू. निर्व्यसनी. अपेक्षा: अनुरूप.

बाराव्या उमेदवारानं घाईत भलतीच फाइल जोडली होती. अप्पांना त्यात काहीच वावगं दिसेना. ‘मामा कळला, गाव कळलं, पाणी किती आहे तेबी कळलं. आता राहिलं काय?’ तरुण संचालक म्हणाले, ‘अप्पा, अनुभव लिहिलेला नाही.’ अप्पा म्हणाले, ‘या कागदात अनुभव कुणी लिहितंय का?’

मला आपला बिल्हणच दिसायला लागला. आजोबा, वडील, आई, गावची द्राक्षं.

सोमवारी पोराला बोलावलं. आला, बसला, टेबलावर आपला गणपतीचा कागद पाहिला आणि कानापर्यंत लाल झाला. ‘सर, चुकलं. ते दुसरं होतं.’ अप्पांनी कन्नडमध्ये दोन प्रश्न विचारले, मी दखनीत वसुलीचा एक खोटा प्रसंग घातला. पोरगं थकबाकीदाराला हात जोडून असं काही बोललं की मीच हप्ता भरायला निघालो असतो. संगणकावर बसवला तर नुडीत पानभर पत्र विनाचूक टाइप केलं. पगार ऐकून कुरकुरलं नाही. एक तारखेपासून ये, म्हटलं.

दारापर्यंत गेलं आणि परत फिरलं.

‘सर, तो कागद जरा परत पाठवता का? माझ्या मोबाइलमधला उडालाय. उदगीरच्या मामांनी रविवारपर्यंत मागितलाय.’

मी अप्पांकडं पाहिलं. अप्पा खिडकीबाहेर पाहत होते. तीन राज्यांतल्या पाच ग्रुपांवर तो कागद त्यांनी शनिवारीच टाकला होता.