वळवाचं वाहन

पंचांगात पावसाला वाहन दिलेलं असतं. मृगापासून हस्तापर्यंतचं एकेक नक्षत्र कधी कोल्ह्यावर येतं, कधी मोरावर, कधी उंदरावर. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की शेतकऱ्याचा चेहरा उजळतो. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं आणि बाकी उरेल ते जनावर पावसापुढे आणून उभं करायचं, असा हा सुटसुटीत हिशेब. एप्रिल-मेमधल्या वळवाला मात्र कुणी वाहन नेमून दिलेलं नाही. दुपारभर भाजून निघालेल्या पुण्यावर तो अवचित चालून येतो, पायी. वाटेत एखाद्या मोटारीची काच चार बोटं खाली दिसली, तर तो आत जाऊन बसणारच. मला तरी यात त्याचा फारसा दोष दिसत नाही.

काच खाली ठेवणाऱ्याचाही नाही. वैशाखात बंद गाडीच्या स्टिअरिंगला हात लावून पाहिलेला माणूस तेवढी फट ठेवतोच. शेजारच्या काकांनी ठेवली होती आणि यंदा वळीव नेमका त्याच अंगाने तिरपा आला. छत्री सापडून, ती उघडून, वाऱ्याने ती उलटी होऊन काका खाली पोचेपर्यंत पाऊस मागच्या सीटवर ऐसपैस बसलेला होता.

खरं तर काच घट्ट बंद असली तरी पाऊस दारात शिरतच असतो. काचेवरून ओघळलेलं पाणी रबराच्या पट्टीला चुकवून दाराच्या पोकळीत उतरतं आणि तळाच्या बारीक भोकांतून निमूट निघून जातं. मोटार बनवणाऱ्यांनी त्याची ओटीपर्यंतची सोय केलेली आहे. तो माजघरात येईल, हे धरलेलं नाही. तिथे गालिचा असतो आणि गालिच्याखाली जाड नमदा. वरून हात फिरवला तर सगळं कोरडं. काका समाधानाने मान हलवतात आणि टाच टेकली की खालून पुच्च असा आवाज येतो.

आमच्या लहानपणीच्या फियाटला हा लपंडाव माहीत नव्हता. तिच्या पुढच्या दाराला एक तिकोनी काच असायची. वाऱ्यासाठी ती वळवता यायची आणि तिचं रबर म्हातारं झालं की घाटात पावसाची बारीक झारी थेट आईच्या मांडीवर सुरू व्हायची. "काच बंद आहे," असं वडील समोरच्या धुक्याकडे पाहत ठामपणे सांगत. आई काही न बोलता मांडीवर पंचा पसरायची आणि पुढच्या वळणाला तो पिळायची. त्या पंच्याला गाडीत कायमची जागा होती. वडिलांनी तो कधी पाहिला नाही.

काकांची गाडी वाळवायला मात्र अख्खी सोसायटी धावली. कुणी वर्तमानपत्रं पसरली, कुणी कोळसा ठेवायला सांगितला, कुणी जाडं मीठ. तळमजल्यावरच्या आजींना बाळाचे लंगोट शेगडीवरच्या पालथ्या टोपलीवर वाळवायची सवय. त्यांनी ऊद घालून धुरी द्यायचं सुचवलं. सीट लहान असती तर त्यांनी ती केलीही असती. अखेर मेकॅनिक आला आणि म्हणाला, काचा बंद करा, एसी लावा. बाहेरची हवाच दमट, ती आत घेऊन काय वाळणार? एसी हवेतलं पाणी काढून गाडीखाली ठिबकवतो. उघड्या काचेतून आलेल्याने बंद काचेतून जायचं, हे काकांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मग उरला वास. पहिल्या पावसाने मातीला येणाऱ्या वासाला 1964 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी शास्त्रीय नाव दिलं. त्याच्या कितीतरी आधीपासून कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवून कुप्यांत भरत आले आहेत. त्या सुगंधातला मोठा वाटा मातीतल्या सूक्ष्मजीवांचा. गाडीत चौथ्या दिवशी जे दरवळतं, तेही सूक्ष्मजीवांचंच काम, पण त्याला अजून कुणी कुपी धरलेली नाही. काकू पदर नाकाला लावून बसत आणि काका म्हणत, "येतोय कुठे?"

गालिचा उचलला तेव्हा मागच्या सीटखाली किराण्याच्या पिशवीतून कधीतरी सांडलेले मूग सापडले. छान मोड आले होते. काका झाडू घेऊन वाकले आणि तसेच थांबले. त्यांनी काकूंना हाक मारली. काकूंनी चष्मा पुसून बराच वेळ आत पाहिलं.

"उसळीपुरते नाहीत," त्या म्हणाल्या, "राहू दे अजून."