एक पेटी बोर्दो

सुरुवात शोकेसपासून करू. जावयाने किंवा भाचीने चार वर्षांपूर्वी पॅरिसहून आणलेली बाटली तिथे पितळी गणपती आणि 'उत्कृष्ट कर्मचारी' ढाल यांच्यामध्ये उभी असेल, ती आधी काढा. बुचाची वाइन आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओलं राहतं. उभ्या बाटलीचं बूच वाळतं, हवा आत शिरते आणि चार उन्हाळे काढल्यावर आत जे उरतं ते पाहुण्यांना देऊ नये. लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी असं म्हणतात, पण ती रूम जाड दगडी भिंतींची, १६ ते १८ अंशांची. अकोल्यातली नव्हे.

आता नवी बाटली आणा.

पायरी पहिली, उच्चार. फ्रेंच माणूस शब्दाच्या शेवटची अक्षरं लिहितो आणि बोलताना गिळतो. त्यामुळे मेरलॉट म्हणू नये, मेर्लो म्हणावं. पिनॉट नॉयरचं पिनो न्वार होतं, चॅब्लिसचं शाब्ली. हा नियम अंगवळणी पडला की शँपेनवाले मोएट भेटतात आणि त्यांच्यातला 'ट' मात्र चांगला ठणठणीत म्हणायचा असतो. बोर्दोच्या एका थोर बाटलीचं नाव मुतों. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ मेंढी, पण आत्याबाई पंगतीला असतील तर ती बाटली नुसतं बोट करून मागावी.

पायरी दुसरी, लेबल वाचणं. इथे निम्मे विद्यार्थी गळतात. लेबलावर गाव असतं, मालक असतो, साल असतं, एखादा वाडा काढलेला असतो आणि ज्यापासून वाइन केली त्या द्राक्षाचा बहुतेक वेळा पत्ता नसतो. मला आधी हा निव्वळ माज वाटला. मग लक्षात आलं, आपणही बाजारात 'एक पेटी देवगड द्या' म्हणतो. त्यात आंबा हा शब्दसुद्धा येत नाही. गावाचं नाव घेतलं की जात, माती, समुद्राचा वारा, सगळं आलं. आणि देवगडच्या खोक्यात भलतीकडचा आंबा भरण्याचा उद्योग जसा आपल्याकडे चालतो, तसा तिकडेही जोरात चालायचा. शेवटी १९३५ मध्ये फ्रान्सने कायदा केला: कुठल्या शिवारात कुठली जात लावायची, हेक्टरी किती पीक घ्यायचं, तेव्हाच ते गावाचं नाव बाटलीवर. शातोनफ-द्यु-पाप हे गाव आपल्या हद्दीबाबत इतकं दक्ष, की १९५४ मध्ये तिथल्या नगरपालिकेने उडत्या तबकड्यांना गावात उतरायला मनाई केली. ती आजवर मोडली गेल्याची नोंद नाही.

तेव्हा गावं पाठ करण्याला इलाज नाही. बर्गंडीची लाल म्हणजे पिनो न्वार, पांढरी म्हणजे शार्दने. शाब्ली हीसुद्धा शार्दनेच, फक्त थंड प्रदेशातली, चुनखडीच्या जमिनीतली, म्हणून काटक आणि आंबट. पांढरी सांसेर म्हणजे सोव्हिन्यों ब्लां. एर्मिताजची लाल म्हणजे सिराह, तीच पुढे परदेशी जाऊन शिराझ म्हणून मिरवते. वुव्रे म्हणजे शेनिन ब्लां. ही लोआर नदीकाठची पोर नाशिकला चांगली रुळली आहे. पाठांतराचा अगदीच कंटाळा असेल तर अल्सासची उंच, सडपातळ बाटली घ्या. तिथे जर्मन शेजाराचा परिणाम म्हणून लेबलावर सरळ रिसलिंग असं लिहिलेलं असतं.

पायरी तिसरी, कुळाची चौकशी. पिनो न्वार पातळ सालीचं, नाजूक, हवामानाच्या बाबतीत लहरी द्राक्ष. त्याच्या शेजारी गामे नावाचं दणकट, भरपूर पिकणारं द्राक्ष शेतकऱ्यांनी लावलं, तर ड्यूक फिलिपने १३९५ मध्ये फर्मान काढून त्याला बर्गंडीतून तडीपार केलं. गामे थोडं दक्षिणेला बोजोलेत गेलं, तिथल्या ग्रॅनाइटच्या जमिनीत सुखाने वाढलं आणि आज नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी त्याची नवी वाइन निघते तेव्हा जगभर बातमी होते. बर्गंडीत मागे राहिले ते वारसदार. नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या मुलांना सारखा वाटा मिळू लागला. क्लो द व्हुजो ही मठवासी साधूंनी भिंत घालून एकसंध राखलेली सुमारे ५० हेक्टरची बाग, तिच्या सातबाऱ्यावर आता ऐंशीच्या आसपास नावं आहेत. बांधावरून भांडलेल्या कुठल्याही मराठी माणसाला बर्गंडी आपलीच वाटावी.

कॅबरने सोव्हिन्योंची पत्रिका आणखी मजेशीर. जगातलं हे सर्वांत नावाजलेलं लाल द्राक्ष कुणाचं लेकरू, हे १९९७ पर्यंत नक्की ठाऊक नव्हतं. कॅलिफोर्नियात डीएनए तपासला तेव्हा कळलं, की एक पालक कॅबरने फ्रां आणि दुसरा पांढरा सोव्हिन्यों ब्लां. दोन्ही नावं लेकराच्या नावातच लिहिलेली होती.

बोर्दोची लाल वाइन या कॅबरनेची आणि मेर्लोची मिसळ. नदीच्या डाव्या काठाला कॅबरने जास्त, उजव्या काठाला मेर्लो जास्त. एवढं सांगून भागतं. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी भाव बघून तिथल्या बागांची श्रेणी लावली. त्यानंतर पहिल्या श्रेणीत बढती मिळाली ती एकाच बागेला, १९७३ मध्ये, आणि ती नेमकी आत्याबाईंसमोर ज्यांचं नाव घ्यायचं नाही त्यांना.

पण बोर्दो हे नाव आपल्याकडे बाटलीच्या कितीतरी आधी फवारणीच्या पंपातून आलं. पिंपळगाव बसवंतच्या किंवा तासगावच्या बागायतदाराला विचारा. मोरचूद, कळीचा चुना आणि पाणी म्हणजे बोर्डो मिश्रण. बोर्दोजवळच्या मेदोकमध्ये रस्त्याकडेच्या वेलींचे घड येणारेजाणारे तोडून न्यायचे, म्हणून तिथल्या बागायतदारांनी कडेच्या ओळींवर हे निळसर पाणी मारायला सुरुवात केली, विषासारखं दिसावं म्हणून. मियार्दे नावाच्या प्राध्यापकाने पाहिलं, की डाऊनी नावाच्या रोगाने बाकीच्या बागेची पानगळ झाली आणि चोरांसाठी रंगवलेल्या ओळी मात्र हिरव्यागार. १८८५ मध्ये त्याने हा उपाय जाहीर केला. त्याआधी १८६० च्या दशकात अमेरिकेहून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या होत्या. तोड निघाली ती अमेरिकन खुंटावर फ्रेंच डोळा बांधण्याची. क्षार आणि पाणीटंचाईला तोंड द्यायला आपल्याकडेही डॉगरिजवर कलम करतात, तो खुंट अमेरिकनच. तेव्हा फ्रेंच वाइनमधलं काही कळत नाही म्हणून दिंडोरीच्या माणसाने तरी लाजू नये.

पायरी चौथी, प्रत्यक्ष चव. बर्गंडीतल्या बोन गावी भाचीबरोबर जेवायला गेलो होतो. वाढप्याने बाटली दाखवली, उघडली, माझ्या पेल्यात दोन चमचे ओतली आणि हात मागे बांधून उभा राहिला. मी वाट पाहिली. तोही.

"एवढीच?" मी भाचीला विचारलं.

"मामा, वाइन बिघडली नाही ना, ते बघायला दिलीये."

"मला काय माहीत? उघडली त्याने!"

त्या दोन चमच्यांचा तुमच्या आवडीनिवडीशी संबंध नसतो, हे तेव्हा कळलं. बुचाला कधीकधी एक दोष लागतो आणि वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. तो येत नाही ना, एवढंच सांगायचं. मी ते न कळून "जरा गोड असती तर," असं म्हणालो. भाचीने भाषांतर करायला नकार दिला.

लाल वाइन तोंडात घेतली की जीभ आणि गाल आतून ओढल्यासारखे होतात. हे सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनचं काम. आपल्याकडे या चवीला सहा रसांत स्वतंत्र जागा आहे, तुरट. जांभळं खाऊन वाढलेल्या माणसाला हे शिकवायला नको. आपल्या खाण्याच्या थॉमसनला पातळ साल आणि बी नाही, म्हणून त्यात हा तुरटपणा जाणवत नाही. वाइनची द्राक्षं बहुतेक बारीक, जाड सालीची आणि बियांची. लाल रंगही सालीचाच. काळ्या द्राक्षाचा रस बहुधा पांढराच निघतो आणि शँपेन तर कितीदा काळ्या द्राक्षांचीच असते.

पायरी पाचवी, वास. सोव्हिन्यों ब्लांला ढोबळी मिरचीचा वास येतो आणि ते खरं आहे, दोन्हींत एकच द्रव्य असतं. काही जाणकारांना तीत मांजरीच्या मुताचा वासही येतो आणि ते हे कौतुकाने सांगतात. शार्दनेला लोण्याचा वास येतो तो जिवाणूंमुळे. आपल्या विरजणातल्या जिवाणूंचे ते भाऊबंद, द्राक्षातल्या आम्लाचं ते दह्यातल्या आम्लात रूपांतर करतात. याच्या पलीकडे कोणी काही सांगू लागला, तर बोर्दो विद्यापीठातला २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आठवावा. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वासहीन लाल रंग घालून दिली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं.

पायरी सहावी, थुंकणं. जाणकार दिवसाला पन्नास वाइन चाखतात आणि सगळ्या थुंकतात. या कलेत आपल्याला शिकवणीची गरज नाही.

पायरी सातवी. उरलेली वाइन बूच दाबून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. आठवडा झाला की पुन्हा नाक लावा. आता आलेला वास तुम्ही कुणाच्याही मदतीशिवाय ओळखाल. व्हिनेगर हा शब्दही मुळात फ्रेंच, अर्थ आंबट वाइन. बाटली मात्र टाकू नका, विसळून पाणी भरा आणि शोकेसमध्ये ठेवा. मनीप्लांट चांगला लागतो.